उखळाचं आठ दिवसांचं देवपण

मित्रांनो, मी एक जुनं उखळ आहे. काळ्या दगडाचं, गुडघ्याएवढ्या उंचीचं, दोन माणसांना सहजासहजी न हलणारं. राहणार संतपूर, तालुका औराद, जिल्हा बिदर. माझं बोलणं कुठं जरा ताठ्याचं वाटलं तर राग मानू नका. मध्यंतरी मी आठ दिवस देव होतो, आणि ती सवय एकदा लागली की लवकर सुटत नाही.

पण सुरुवातीपासून सांगतो. साठ वर्षांपूर्वी अंकुशरावांनी इथं दगडी घर बांधायला काढलं, तेव्हा एका पाथरवटानं मला घडवलं. चार दिवस तो छिन्नी मारता मारता मला शिव्या देत होता, कारण मी फारच टणक निघालो. मला वाटलं, आता आपल्या पोटात छान ज्वारी कांडतील, मसाले कुटतील. झालं भलतंच. त्या काळी गावात सिमेंट सहज मिळत नसे. भाजक्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, चुन्यात कालवून भिंती रचत. ती सुरखी माझ्यात कुटायची. सहा महिने मजूर बाया मुसळं घेऊन माझ्यावर तुटून पडत होत्या. त्या कोण, कुठल्या, हे मी कधी नीट पाहिलं नाही. मला माझ्याच दुखण्याचं पडलं होतं.

घर उभं राहिलं तेव्हा अंकुशरावांच्या पत्नी सत्यभामाबाईंनी मला राखेनं सात वेळा घासून घेतलं. मजुरांचे हात लागले होते ना! मग माझे सोन्याचे दिवस आले. दर उन्हाळ्यात माझ्यात मिरच्या कुटल्या जात, आणि गल्लीतल्या माणसांपासून कुत्र्यांपर्यंत सगळे शिंकत. पाहुणे बोटं चाटत विचारायचे, मसाला कुठला? सत्यभामाबाई ऐटीत माझ्याकडे बोट दाखवायच्या. मी तसा लाजाळू आहे, पण तेव्हा लाजल्याचं मला आठवत नाही.

पुढं मिक्सर आला आणि मी अंगणात आलो. माझ्या पोटात पावसाचं पाणी साचू लागलं. एके दिवशी आरोग्य खात्याच्या आशाताई तपासणीला आल्या, माझ्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "ह्याच्यात डासं व्हायलेत. उलटं करा ह्याला." झालं. तेव्हापासून माझं तोंड जमिनीत आणि बूड आभाळाकडे. अंकुशराव गेले, सत्यभामाबाई गेल्या, त्यांची मुलं उदगीरला स्थायिक झाली. घराला कुलूप लागलं. अंगणात वेडी बाभूळ आणि गाजरगवत माजलं. एक शेजारची कोंबडी तेवढी रोज येऊन माझ्यावर बसायची आणि जाताना आपली आठवण ठेवून जायची. अशी पंधरा वर्षं गेली.

यंदाच्या उन्हाळ्यात ते घर विकलं गेलं. घेणारी जोडी औरादची. नागसेन सर सरकारी शाळेत शिक्षक, आणि त्यांची बायको ज्योत्स्ना सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांना घाई होती, आणि घाईला कारणही तसंच होतं. नागसेन सरांच्या आई सुभद्राबाई चार महिन्यांपूर्वी पडल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. आता वॉकर धरून कशाबशा चालत, पण औरादचं भाड्याचं घर माडीवर, अकरा पायऱ्यांचं. त्या वर गेल्या त्या गेल्याच. चार महिने त्यांनी जमिनीवर पाय ठेवला नव्हता. हे घर बघायला बाकीचे सगळे नाकं मुरडत होते, तेव्हा त्याच माडीवरून म्हणाल्या होत्या, "घर मजबूत हाय. डोळं झाकून घ्या." तुम्हाला कसं माहीत, असं विचारल्यावर नुसतं "हाय माहीत" म्हणून कुशीवर वळल्या होत्या.

बेत असा ठरला. ओट्याच्या पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार करायचा, दार रुंद करायचं, आणि बुद्धपौर्णिमेला भंतेजींकडून परित्राणपाठ करून घेऊन आईला वॉकरसकट घरात न्यायचं. हातात तेवीस दिवस होते. उतार मात्र एकाच जागी होण्यासारखा होता. डाव्या हाताला शेजाऱ्यांची भिंत, म्हणून तो उजव्या हातालाच व्हायचा, आणि तिथं नेमका मी.

गवंडी मल्लप्पा आला. त्यानं डब्यात लाल काव कालवली आणि जे जे काढायचं त्यावर ब्रशनं खूण करत सुटला. वाळलेल्या शेवग्याच्या बुंध्यावर एक फराटा, पडक्या संडासाच्या भिंतीवर एक फराटा, आणि माझ्यावर एक फराटा. माझ्यापाशी त्यानं ब्रश झटकला, म्हणून माझ्यावर वर दोन ठिपकेही पडले. मग तो पुतण्याच्या लग्नाला भालकीला निघून गेला. लोकांचं उखळ पांढरं होतं म्हणतात. माझं लाल झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या अक्कम्मा कुंपणावरून डोकावल्या. गवत कालच कापलेलं, त्यामुळं मी पंधरा वर्षांनी पहिल्यांदा त्यांना दिसलो. गोल बूड, उभा लाल फराटा, दोन डोळे, आणि शेजारी नेमकी सापाची कात पडलेली. अक्कम्मांच्या हातातली पाण्याची कळशी तिथंच राहिली.

"अगं माय! इतके वर्सं माझ्या कुंपनाला लागून बसलास, आन् मला ठाव न्हाई!"

दुपारपर्यंत मला हळद लागली, झेंडूचा हार पडला, नारळ फुटला. एवढ्या वर्षांत कोंबडीशिवाय कुणी माझ्याजवळ बसलं नव्हतं, त्यामुळं मी काही हरकत घेतली नाही. खरं सांगतो, मला आवडलं. फक्त मी कोणता देव आहे यावर गल्लीचं एकमत होईना. कुणी म्हणे मारुती, कुणी म्हणे नागप्पा. मी गप्प राहिलो, आणि त्यामुळं माझा मान आणखीच वाढला.

तिसऱ्या दिवशी जेसीबी आला. चालक व्यंकट, तेलंगणाच्या शिवेकडचा. त्यानं बाभळी उपटल्या, संडासाची अर्धी भिंत पाडली, डाव्या पायाच्या तीन चपला आणि एका कूलरचा सांगाडा उकरून काढला. मग त्याचं बकेट माझ्यापाशी आलं आणि थांबलं. व्यंकट खाली उतरला आणि त्यानं चप्पल काढली.

"सर, ह्ये आमची पोचम्मा देवी हाय. माझ्या मशीननं न्हाई व्हायचं."

ज्योत्स्ना कपाळाला हात लावून उभी राहिली. तेवढ्यात मल्लप्पाही लग्नाहून परतला. तिला हायसं वाटलं. ज्यानं खूण केली तोच आला, आता हा सांगेल. मल्लप्पानं मला पाहिलं, डोक्यावरचा रुमाल सोडला आणि हात जोडले.

"मल्लप्पाअण्णा, आवं, ती खूण तुमीच केल्ती की!"

"केली असंल अक्का. माझ्याच हातची हाय. पर माझ्या हातानं ती कुनी काढून घेतली, ते बगा की!"

"मग त्या संडासाच्या भिंतीवर बी तसाच फराटा हाय. तिथं कामून हात जोडत न्हाई?"

मल्लप्पानं जाऊन उरलेल्या अर्ध्या भिंतीवर चापट मारली. "ती भिंत हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "ह्ये दगड हाय."

ज्योत्स्ना म्हणाली, हे उखळ आहे, कुणीही ओळखेल. मल्लप्पा म्हणाला, पूर्वी असेल, पण आता नारळ फुटलाय. तिनं उतार वळवून घ्यायला सांगितलं. त्यानं टेप लावला आणि मान हलवली. एवढ्या जागेत उतार इतका उभा होईल की म्हातारी वर जायची नाही, घसरून थेट रस्त्यावर यायची.

त्या दिवशी नवरा-बायको विटांच्या ढिगावर बसून बोलले. मी सगळं ऐकलं.

"आपन ह्या गल्लीत नवीन," नागसेन सर म्हणाले. "विहारात जानारी मानसं. आल्या आल्या ह्यांनी देव हलवला म्हनतील. पुडं जल्मभर ह्यांच्याच शेजारी राहायचं हाय, ज्योत्स्ना."

"आन् आत्याचं काय?" ज्योत्स्नानं सासूबाईंचा विषय काढला. "सकाळपासून खिडकीतून रस्ता बघत बसत्यात दिवसभर. काल मला म्हनाल्या, पौर्निमेपस्तोर चप्पल तरी घेऊन ठिव गं. मी काय सांगू त्यांना? दारात देव बसलाय, तवा तुमी वरच बसा म्हनून?"

मित्रांनो, तेव्हा माझ्या देवपणाची मजा थोडी कमी झाली. माझ्यामुळं कुणीतरी माडीवर अडकून पडलं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. पण मी काय करणार? दगडाला बाजूला सरकता येत नाही.

पाच दिवस काम बंद राहिलं. माझे हार मात्र वाढत गेले. शेवटी नागसेन सरांनी आईला सगळं सांगून टाकलं. सुभद्राबाईंनी एवढंच विचारलं, "कसा हाय दगड? बूड गोल हाय का?" आणि मग म्हणाल्या, "मला घेऊन चल."

आठव्या दिवशी दुपारी रिक्षा दारात थांबली. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी त्यांना अकरा पायऱ्या उतरवलं होतं, आणि खुर्चीचा एक पाय त्यात धारातीर्थी पडला होता. वॉकर टेकत टेकत त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. गल्ली जमली. मल्लप्पा, व्यंकट, अक्कम्मा, सगळे होते. ऊन वैशाखाचं. चार महिन्यांनी एवढं चाललेली म्हातारी दमून गेली. बसायला जवळपास काहीच नव्हतं. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि सरळ माझ्यावर बसल्या.

"अगं माय माय! देवावर बसली!" अक्कम्मांचा आवाज चिरकला.

आता देव काय करतो याची सगळे वाट पाहू लागले. मलाही वाटलं, आता आपण काहीतरी केलं पाहिजे. विजेचा कडकडाट, नाहीतर निदान एखादा हादरा. पण मला काही जमेना. आठ दिवसांत एवढं सगळं कोण शिकवतंय?

"लई तापलाय की गं ह्यो," सुभद्राबाई म्हणाल्या. "पानी द्या कुनीतरी."

कुणी हललं नाही. मग अक्कम्माच घरात गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. देव कोपायच्या आधी म्हातारी तहानेनं जाऊ नये, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी तांब्या सुभद्राबाईंच्या हातात दिला. सुभद्राबाईंनी तो रिकामा करून परत दिला आणि पदरानं तोंड पुसलं.

"ह्ये उखळ हाय, अक्का. ह्या घराची सुरखी मी ह्याच्यात कुटलीय. लगीन होऊन नवीनच आल्ते मी गावात. चौदा वर्साची असंल. मुसळ माझ्यापरीस उंच हुतं. एकदा हातातनं निसटलं आन् ह्याच्या काठाचा टवका उडाला. मुकादमानं दिवसभर उन्हात उभं केल्तं मला."

मी थक्क झालो. टवका मला चांगला आठवत होता, फार दुखलं होतं. पण मुसळामागे एक पोर होती, तिलाही काही दुखलं असेल, हे साठ वर्षांत माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मला लाज वाटली.

"काठ तर मातीत हाय," अक्कम्मा म्हणाल्या. "दिसावा कसा?"

मल्लप्पानं थोडा विचार केला आणि पहार उचलली. "देव न्हाई हलवायलो," तो माझ्याकडं बघून हळूच म्हणाला. "नुसतं बगायलो." नागसेन सरांनी आईला उठवून धरलं. व्यंकटनं दुसरीकडून जोर लावला. पंधरा वर्षांनी मला आभाळ दिसलं. माझ्या पोटातून एक गलेलठ्ठ बेडूक टुणकन बाहेर पडला आणि अक्कम्मांनी सवयीनं त्यालाही नमस्कार केला.

काठावर दोन बोटांएवढा टवका उडालेला होता. सगळ्यांनी वाकून पाहिला.

"मग माझी म्हैस कशी काय दूध द्यायली?" अक्कम्मा अजून मागं हटायला तयार नव्हत्या. "म्हैना झाला आटली हुती. ह्याला नारळ फोडला आन् तिसऱ्या दिवशी पान्हा फुटला."

"सरकी बदलली का मदी?" सुभद्राबाईंनी विचारलं.

अक्कम्मा जरा घुटमळल्या. "बदलली की. लातूरची आनली."

पहिल्यांदा व्यंकट हसला, मग मल्लप्पा, आणि शेवटी पदर तोंडाला लावून अक्कम्माही हसल्या. माझं देवपण तिथंच संपलं. हार मात्र त्यांनी काढू दिला नाही. "राहू द्या," म्हणाल्या, "फुलं ताजी हायेत." व्यंकटनं चप्पल घातली आणि जेसीबीनं मला अलगद उचलून अंगणातल्या लिंबाखाली ठेवलं.

नंतर काम जोरात चाललं. दार रुंद करताना मात्र मल्लप्पाच्या दोन छिन्न्या मोडल्या. तो घाम पुसत सुभद्राबाईंच्या नावानं ओरडला, "सासूबाईंना सांगा अक्का, सुरखी एवढी बारीक कुटायची गरज न्हवती!" ज्योत्स्नानं तो निरोप शब्दाशब्दानं पोचवला. त्या दिवशी म्हणे त्या दोन भाकरी जास्त जेवल्या.

पौर्णिमेला सकाळी पांढरी साडी नेसून सुभद्राबाई आल्या. उतार चांगला लांब, ऐसपैस झाला होता. त्या वॉकर टेकत, न थांबता वर चढल्या. अक्कम्मा खिरीला दूध घेऊन आल्या होत्या, त्या बाजूला सरकल्या. आत मेणबत्त्या लागल्या होत्या, भंतेजी येऊन बसले होते. आणि नव्या रुंद दाराशी येऊन सुभद्राबाई अचानक थांबल्या.

मला लिंबाखालून सगळं दिसत होतं. सहा महिने घर बांधताना त्या आणि त्यांच्या बरोबरीच्या बाया इथंपर्यंतच येत. मजुरी इथं मिळे, पाणी इथं वरून ओंजळीत ओतत. त्यांच्या जातीच्या माणसांना उंबऱ्याच्या आत घ्यायची तेव्हा रीत नव्हती. घर उभं राहिल्यापासून त्या एकदाही आत गेल्या नव्हत्या.

"आत्या, चला की," ज्योत्स्ना म्हणाली. "आपलंच घर हाय."

"व्हय गं," सुभद्राबाई म्हणाल्या. "पायाला सांगायले."

मित्रांनो, तुम्हाला एवढीच विनवणी करतो. कधी जुनं घर घेतलंत, अंगण साफ करायला काढलंत, तर माझ्यासारख्याला देव करू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. स्वच्छ धुवा, चार मिरच्या कुटा, माझं भागेल. पण त्याआधी हे घर कुणी बांधलं ते विचारून घ्या, आणि ती माणसं असतील तिथून त्यांना बोलवा. ती दाराशी जरा थांबतील. घाई करू नका, थांबू द्या.