कॉलिनची खुर्ची गप्प का?

पेल्यातलं पाणी हललं नाही, आणि तिथेच सगळ्यांची बोबडी वळली.

मॉरीन ट्रेगेन्झाच्या घरातल्या सिनेमाच्या खोलीत आम्ही चौदा जण दाटीवाटीने बसलो होतो. रविवारची दुपार, बाहेर ऑस्ट्रेलियातल्या आमच्या काल्गुर्ली गावचं रणरणतं ऊन, आणि आत पडदे ओढून मिट्ट काळोख. एकच दिवा, तोही कॉलिनच्या खुर्चीवर. कॉलिन म्हणजे मॉरीनचा नवरा. तीस वर्षं खाणीत सुरुंग लावले, त्यातून धडधाकट परतला, आणि सहा आठवड्यांपूर्वी परसात टोमॅटोला पाणी घालता घालता गेला. त्याची खुर्ची ओळीत बरोब्बर मधली. खुर्चीच्या हातावर पाण्याचा एक पेला, आणि दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर एकेक.

मेलेल्यांशी बोलतो म्हणवणाऱ्या ऑब्री प्राउस नावाच्या गृहस्थाने फोनवर बोट टेकवलं. ऑर्गनचा खर्जातला एकच सूर सुरू झाला. तो कानात यायच्या आधी पोटात शिरत होता. बरगड्या थरथरायला लागल्या, दार कुरकुरलं, टोकाच्या पेल्यांत पाणी थयथय नाचायला लागलं. कॉलिनच्या पेल्यात मात्र एक वलय उठलं नाही.

"पाहिलंत, लेकरांनो?" प्राउस डोळे मिटून म्हणाला. "सगळीकडे वादळ, आणि इथे शांती! का? कारण इथे कुणीतरी बसलंय! पलीकडच्या तीरावरून आलंय! आत्म्याच्या सप्तकातला हा आठवा सूर आहे, बरं का!"

सप्तकात आठवा सूर कुठून आला, हे विचारायचं भान कुणाला होतं? आमच्या गावात खाणीत सुरुंग उडाला की कपाटातल्या कपबशा वाजतात, आम्ही मानसुद्धा वळवत नाही. पण त्या खोलीत धिप्पाड खाणकामगार एकमेकांचे हात धरून बसले होते.

"लेन, तू वायरी जोडणारा ना?" प्राउस माझ्याकडे वळला. "तुझा कशावरच विश्वास नाही म्हणे. बस बघू त्याच्या खुर्चीत."

मी लेन पास्को. या खोलीतली आवाजाची सगळी यंत्रणा मीच जोडून दिलेली. भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं, तसाच हसत मी बसलो. आणि तो सूर गेला! कुणीतरी मागून माझ्या कानांवर तळवे ठेवावेत तसा गेला. बाकीचे थरथरताना दिसत होते आणि माझ्या छातीत काही म्हणजे काही नाही. खोटं कशाला सांगू, मी टुणकन उठून उभा राहिलो. अंगावर काटा आला होता.

"कळलं ना?" मॉरीन हळूच म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक होता, पण डोळे चमकत होते. "तो माझ्या काळजाला जपतोय, लेन. ऑब्री म्हणतात, माझ्या गोळ्या त्याच्या हाताच्या आड येतात. कालपासून मी बंद केल्यात. आणि गुरुवारी पर्थला ऑपरेशनला जायचं होतं ना, ते नाही जात मी."

मॉरीनच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. तिची मुलगी नेरिदा पर्थला असते, तिचा संध्याकाळीच फोन आला.

"लेनकाका, आई माझा फोन उचलत नाही. डॉक्टर म्हणालेत, ही तारीख चुकवली तर ती नाताळ बघायची नाही. तुम्ही तरी काहीतरी करा हो!"

काय करणार? प्राउस बॅगा घेऊन मॉरीनच्या मागच्या खोलीत मुक्कामाला आला होता. तिच्या हातची मटण भरलेली करंजीसारखी पेस्टी खायचा आणि तिलाच सांगायचा, की औषध हे अविश्वासाचं लक्षण आहे! त्या माणसाची चीड येत होती. पण मलाही त्या खुर्चीची भीती वाटत होती, ती कुणाला सांगू?

दोन दिवस माझं कामात लक्ष लागेना. मंगळवारी एका गिऱ्हाइकाकडे गेलो आणि नेहमीसारखा जमिनीवर रांगायला लागलो. आमच्या धंद्यात हे करावंच लागतं. सबवूफर म्हणजे खर्ज घुमवणारा भोंगा. तो आधी माणसाच्या खुर्चीत ठेवायचा आणि आपण खोलीभर गुडघ्यांवर रांगत ऐकायचं. जिथे खर्ज छान भरून येतो, तिथे भोंग्याची कायमची जागा. कॉलिनच्या खोलीत मी आणि तो तीन दिवस रांगलो होतो. "आपली पोरंसुद्धा इतकी रांगली नाहीत रे," असं म्हणून तो हसायचा. डाव्या भिंतीत दोन भोंगे, उजव्या भिंतीत दोन. एका भोंग्याने खोलीत कुठे खर्ज साचतो, कुठे नाहीसा होतो. चार असले की सगळीकडे सारखा पडतो. चौघांना आवाज वाटून देणारा प्रोसेसर मधल्या खुर्चीच्या हिशेबाने लावला होता. त्या खुर्चीत तर सगळ्यात दणदणीत खर्ज होता!

मग आता ती गप्प का?

आणि मला आठवलं. गुडघे टेकून तसाच राहिलो. कॉलिन गेला त्याच आठवड्यात उजव्या भोंग्यांना ताकद देणारा ॲम्प्लिफायर जळाला होता. नवा बसवून द्यायला मी गेलो, तेव्हा घरात मयताला आलेली माणसं होती. तारा जोडल्यावर प्रत्येक खुर्चीत माइक ठेवून आवाज मोजायचा, हा नियम. पण मयताच्या घरात ढणाढण कशी वाजवायची? मी तसाच निघून आलो.

बुधवारी पुन्हा सगळे जमणार होते, त्याआधी मी कॉलिनच्या खोलीतलं कपाट उघडलं. लाल तारेच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल. दोन्ही उजव्या भोंग्यांची. भूत मीच घातलं होतं!

आणि मी काय केलं? भित्रेपणा केला. गुपचूप तारा सरळ केल्या आणि मागे जाऊन बसलो. म्हटलं चमत्कार आपोआप बंद पडेल, प्राउस तोंडावर आपटेल, आणि माझी चूक कुणाला कळणारही नाही.

सूर सुरू झाला. कॉलिनच्या खुर्चीवरचा पेला ताडताड उडाला आणि जमिनीवर फुटला. बायका किंचाळल्या.

प्राउस क्षणभर गोंधळला. पण थापाड्याला शब्द कमी पडतात होय? "तो संतापलाय!" तो ओरडला. "या खोलीत कुणाच्या तरी मनात संशय आहे! मॉरीन, तुझ्या मनात आहे? तू त्या ऑपरेशनचा विचार केलास का?"

"नाही हो, नाही!" मॉरीनने छातीवर हात दाबला. तिचे ओठ निळसर पडले. "कॉलिन, नको रे रागावू! मी नाही जात, खरंच नाही जात!"

ती माझ्या डोळ्यांदेखत मरेल, असं मला वाटलं. मी धावत जाऊन सूर बंद केला आणि दिवे लावले.

"मॉरीन, तो रागावला नाहीये. चूक माझी आहे!" आणि तारांची सगळी हकिगत मी बोलून टाकली. शरमेने कान तापले होते. "चारही भोंगे हवा एकदम पुढे ढकलतात तेव्हा मधे दणका बसतो. माझ्या चुकीने डावे पुढे ढकलत होते आणि उजवे मागे ओढत होते. बरोबर मधे दोघांची ताकद सारखी, म्हणून तिथे काहीच उरत नव्हतं. एवढंच होतं गं."

"शब्दांचे खेळ!" प्राउस हसला. "मला तो स्पष्ट जाणवतो."

मॉरीन उठली आणि आयुष्यात पहिल्यांदाच कॉलिनच्या खुर्चीत बसली. "मला दाखव."

प्रोसेसरमध्ये उजवे भोंगे उलटे-सुलटे करायची सोय असते. मी ती पडद्यावर काढून रिमोट तिच्या हातात दिला आणि सूर अगदी हलका लावला. तिने बटण दाबलं: शांत. पुन्हा दाबलं: थरथर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोट थांबलं नाही. मग कुणाला काही दिसू नये म्हणून तिने पडद्यावरचं चित्र बंद केलं.

"ऑब्री, तुम्ही तिकडे दारापाशी उभे राहा, भिंतीकडे तोंड करा. आता सांगा, कॉलिन बसलाय की गेला?"

"ब... बसलाय."

"गेलाय. आता?"

"आता गेला."

"बसलाय. आणि आता?"

दाराजवळ कसंही दाबलं तरी थरथरतंच, प्राउसला कळणार कसं? मागून एका खाणकामगाराने विचारलं, "काय हो, तुमचा आठवा सूर तापाने पडला काय?" कुणीतरी फिस्सकन हसलं. प्राउस बॅगा आवरायला गेला.

मॉरीनने रिमोट मांडीवर ठेवला.

"म्हणजे तो इथे नव्हताच, लेन?"

"नव्हता गं."

"म्हणजे गोळ्या बंद कर, असं तो म्हणालाच नाही."

"तो कसा म्हणेल?"

"नाहीच म्हणणार." ती डोळे पुसत म्हणाली. "सतरा वर्षं रोज सकाळी माझी गोळी चहाच्या बशीत ठेवायचा. मी गिळेपर्यंत हलायचा नाही मेला. आणि मी कुणाचं ऐकत बसले!" तिने नाक शिंकरलं. "पाणी आण. आणि नेरिदाला फोन लाव, उद्या विमानतळावर ये म्हणावं."

परवा ती परत आली, नवी झडप घेऊन. मी मात्र आता कुणाच्याही घरी, सुतक असो की लग्न, आवाज मोजल्याशिवाय पाय काढत नाही. आणि तुम्हालाही हात जोडून सांगतो: भीती वाटली तर खुशाल वाटू द्या, मलाही वाटली होती. पण भ्यालात म्हणून कुणाच्या पाया पडू नका. कपाट उघडा, तार कुठे लागली आहे ते बघा. आणि औषधाची गोळी तेवढी चुकवू नका.