मी वाइन्झेलिग, पण म्हणजे नक्की कोण?

मी एक विशेषण बोलतोय. जर्मन भाषेतलं. वाइन्झेलिग माझं नाव. माझी आई कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे: वाइन. बाप झेलिग, त्याचं मात्र गौडबंगाल आहे. झेलिग म्हणजे धन्य, सुखी. पण आमच्या मोझेल नदीकाठची माणसं गेलेल्या माणसालाही झेलिगच म्हणतात, जसं तुमचं कैलासवासी. मग मी वाइनने सुखावलेला, की वाइनपायी गेलेला? मलाच कळत नाही.

लग्नात मला हसत हसत उच्चारतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मी बायकोच्या तोंडी आलो की टोमणा होतो.

आल्बानला मात्र मी अगदी मापात बसायचो. दिवसभर उभ्या चढावर द्राक्षवेली छाटायचा, संध्याकाळी दोन पेले घ्यायचा, बेसूर गायचा आणि ज्याच्याशी भांडला त्याच्याच गळ्यात पडायचा. तिसरा पेला कधी नाही. नाताळानंतर तो गेला, आणि त्याची बायको ओटिली हटून बसली, की दगडावर त्याच्या नावाखाली मलाच कोरायचं.

"ओटिलीबाई, ही दफनभूमी आहे, गुत्ता नव्हे," फादर म्हणाले. "नुसतं झेलिग लिहा की. सगळेच लिहितात."

"ते मेल्यावर झेलिग झाले. माझा नवरा जिवंतपणीच होता!"

"अहो, लोक दारुडा म्हणतील त्याला."

"तुमचा भाऊ गेला तेव्हा आमच्या तळघरात दोन पेले घेऊन त्याच्या खोड्या सांगत हसलात. तेव्हा तुम्ही दारुडे होतात का, फादर?"

फादर म्हणाले, "कोरा."

मला केवढा आनंद झाला! पण दगड निघाला अरुंद. पाथरवट रोलांडने वर 'वाइन' कोरलं, खाली 'झेलिग', आणि दोन्ही जोडणारी रेघ द्यायला विसरला.

"वाइन कैलासवासी? ती कधी वारली हो?" एका पाहुण्याने विचारलं.

ओटिली आधी खो खो हसली, मग तिथेच बसून रडली. आल्बानच्या चढावर यंदा कोणी छाटायला गेलंच नव्हतं; त्याची वाइनही त्याच्याबरोबरच गेली होती.

मी स्तुती आहे, टोमणा आहे की सुतक, ते मला अजूनही उमगलेलं नाही. पण एक विनवणी आहे. त्या दगडापाशी आलात तर मला एका दमात वाचा. मधे थांबलात, की आल्बान मरतो.