बावन्न किलो वाळू

"माझ्या मागे राहा रे, पोतं सुटलं तर पुढचा चपटा होईल!"

शिंपीणकाकूंनी पायरीवर टाच रोवली आणि पट्टे मनगटांना गुंडाळले. समोर ताडपत्री लावलेली गादी, तिच्यात नवऱ्याच्या, म्हणजे मास्तरांच्या, वजनाचं बावन्न किलो वाळूचं पोतं. धप्प. एक पायरी उतरली. मागे इमारतीतली चार पोरं मोजत होती.

दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी दारातच उभे होते.

"काकू, पुरे आता. भिंतीचा रंग निघतोय. मदत लागणाऱ्यांच्या यादीत मास्तरांचं नाव आहे, माणसं येतील."

"मागच्या वेळी आली होती?"

सेक्रेटरींनी नजर चपलांच्या कपाटाकडे वळवली.

"आणि हे कपाट वाटेतून काढा," काकू म्हणाल्या.

गेल्या वर्षी जमीन हादरली तेव्हा अख्खी इमारत दोन मिनिटांत मैदानात पोचली होती. तिसऱ्या मजल्यावर दोघंच उरली. पक्षाघातानं पाय गेलेले मास्तर "जा, जा तू" म्हणून ओरडत होते आणि काकू पलंगाचा खूर धरून बसल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ताडपत्री आणली. दाराशी पिशवी टांगली: पाणी, औषधं, टॉर्च, शिट्टी, कागदपत्रं. "एवढ्या तयारीत एक लग्न उरकलं असतं," मास्तर म्हणाले होते.

आज चोपन्न पायऱ्या एका दमात संपल्या. पोरांनी टाळ्या पिटल्या. काकू मात्र हसल्या नाहीत. जन्मभर कापड हातात धरून वजन सांगणारी बाई ती. त्यांनी पोतं कोपऱ्यावरच्या दुकानातल्या काट्यावर चढवलं.

एकोणचाळीस.

रोज खाली पोतं रिकामं व्हायचं आणि पोरं वाळू डब्यांतून वर न्यायची. काकूंनी पोरांकडे पाहिलं. पोरांनी जिन्यातल्या कुंड्यांकडे पाहिलं. कोरफड गळ्यापर्यंत वाळूत बुडाली होती.

"मास्तरांनी गृहपाठ दिलाय," सगळ्यांत धाकटी पुटपुटली. "रोज प्रत्येकी एक वाटी. काकूंना सांगायचं नाही."

काकू वर गेल्या. मास्तर खिडकीशी पलंगावर पुस्तक धरून होते. पुस्तक उलटं होतं.

"तेरा किलो वाळू त्या कोरफडीला?"

"तुझे गुडघे सुजतात गं. जमलं असं वाटलं असतं, तर थांबली असतीस."

"आणि खरी वेळ आल्यावर? तुम्ही कुठे एकोणचाळीस किलोचे आहात?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं.

"खरी वेळ आली तर मी त्या गादीत बसणारच नव्हतो."

शिवणयंत्रावर दोऱ्याचं रीळ होतं. काकूंनी ते उगाच सरळ करून ठेवलं. मग गादी ओढत आणून पलंगाशी अंथरली आणि पलंगाचा खूर धरून खाली बसल्या. गेल्या वर्षी बसल्या होत्या, अगदी तशाच.

"हे काय?"

"काही नाही. मीही सराव करतेय. तुम्ही नाही बसलात तर मला इथेच बसायचंय ना."

पोरं दारात गोळा झाली होती. मास्तरांनी त्या हाताकडे पाहिलं. सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं लाकडावर पांढरी पडली होती.

"हट्टी आहेस."

"तुमच्याकडेच शिकले."

मास्तरांनी दोन्ही हातांनी आपला उजवा पाय उचलला आणि गादीत ठेवला. मग डावा.

धप्प. "एक!" पोरं ओरडली.

पुढची पायरी जड होती, त्यापुढची त्याहून जड. अकराव्या पायरीवर काकूंना धाप लागली. खालच्या मजल्यावर काहीतरी फरशीवरून खरडत सरकलं. सेक्रेटरी एकटेच कपाट घरात ओढत होते.

"थांब," मास्तर म्हणाले.

काकूंनी दात आवळले. "आता मागे नाही जायचं."

"मागे कोण जातंय? डावा पट्टा उसवतोय. उद्या दोन टाके जास्त घाल." मग मान वळवून ते पोरांवर खेकसले, "आणि तुम्ही का थांबलात? अकरानंतर काय येतं?"