सहा सेकंदांची कृपा

बीरगावच्या पलीकडे जुन्या दगडखाणीची मुरमाड टेकडी आहे. त्या रविवारी सकाळी सात वाजता तिथे जी गर्दी लोटली होती, ती सायकलींसाठी नव्हती. सायकली सगळ्या मिळून सोळा आणि माणसं तीनशेच्या वर. कोणी नारळ घेऊन आलेलं, कोणी पोराला खांद्यावर घेऊन आलेलं. सगळ्यांना घड़ी बाबाचा चमत्कार डोळ्यांनी बघायचा होता.

हा बाबा काळाला गाठ मारतो, अशी त्याची ख्याती. त्याचा काळा दोरा हँडलला बांधला, सुटताना त्यानं अंगावर भभूत उडवली, की सायकलवाला पाच-सहा सेकंद लवकर पोचतो म्हणे. बरं, ही ऐकीव गोष्ट नव्हती. वहीत लिहिलेली होती, आणि वही गुलाबरावांची होती.

गुलाबरावांच्या वहीवर शंका घेणारा माणूस त्यांच्या गुढियारी मोहल्ल्यात तरी जन्मला नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी रेल्वेत मालगाडीचे गार्ड म्हणून काढली. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता लागली, याची नोंद करताना त्यांनी कधी मिनिटाचा घोळ केला नाही. निवृत्त झाल्यावर निरंजननं, म्हणजे सायकल क्लबच्या सेक्रेटरीनं, त्यांना घरी येऊन गळ घातली की काका, शर्यतीत घड्याळ तुम्हीच धरा. पद्धत सोपी होती. चुन्याच्या रेषेवरून दोन-दोन मिनिटांनी एकेक जण सुटायचा, टेकडीला चार किलोमीटरचा फेरा मारून त्याच रेषेवर यायचा. गुलाबरावांचं घड्याळ चालूच असायचं. स्वार सुटला की बटण दाबायचं, आकडा लिहायचा. परत आला की पुन्हा दाबायचं, लिहायचं. दोहोंतलं अंतर म्हणजे त्याचा वेळ.

बाबा पहिल्याच निवड चाचणीला अवतरला. काळ मुठीत असलेला हा महापुरुष त्या दिवशी स्वतः तासभर उशिरा आला, ते कोणी मनावर घेतलं नाही. रेषेशेजारी त्याची लाल खुर्ची लागली. "हम साइकिल नहीं भगाते, हम काल को बिठाते हैं," तो म्हणायचा. "सेकंड हमारे सामने आके बैठ जाता है, बोलता है, बाबा, जाऊँ क्या?" लोक माना डोलवायचे. एरवी झेंडी दाखवून स्वार सोडणारा निरंजन दोरेवाला रेषेवर आला की झेंडी बाजूला ठेवायचा. मग बाबा भभूत उडवून गरजायचा, "उड़ जा!" आणि पोरगं सुसाट सुटायचं. बाबाचा एकच नियम होता, तो रेषेजवळच्या सगळ्यांना लागू होता: पहले प्रणाम, फिर काम. गुलाबराव तर मुळातच भाविक माणूस. ते मनापासून नियम पाळायचे.

तीन चाचण्यांत दोरेवाले धडाधड पुढे गेले. ब्राह्मणपारा मोहल्ल्यात बाबाचा दरबार भरू लागला. परीक्षेला बसणारी पोरंही दोरे न्यायला लागली. तिथे वेळ कमी करून घ्यायचा की वाढवून, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

यात सगळ्यात जास्त नुकसान एका पोरीचं होत होतं, आणि ती गुलाबरावांची नात होती. पायल, वय सतरा. राष्ट्रीय स्पर्धेला मुलींतून एकच जाणार होती, आणि तीन चाचण्यांच्या बेरजेत पायल सोनियाच्या अकरा सेकंद मागे होती. सोनियाच्या हँडलला दोरा होता. पायलनं तो बांधायला साफ नकार दिलेला. आईनं रडून पाहिलं, गुलाबरावांनी रागावून पाहिलं.

"काहून हट्ट करून राहिली, पोट्टी? एका दोऱ्यानं काय बिघडते तुयं?"

"आबाजी, टाइम पैर से आता है, धागे से नहीं," ती म्हणाली आणि सायकलला तेल देत बसली. गुलाबरावांना तिचा राग यायचा, तरी रात्री तिच्या सोललेल्या कोपरांना हळद तेच लावायचे.

आज चौथी आणि शेवटची चाचणी होती. वरच्या समितीनं कळवलं होतं की यापुढे वेळ यंत्रानं मोजलेला हवा. ते यंत्र घेऊन शर्मिष्ठा मॅडम आल्या होत्या. त्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या. चुन्याच्या रेषेवर त्यांनी रबराची पट्टी अंथरली आणि प्रत्येक सायकलच्या पुढच्या चाकाजवळ एक छोटी चिप बांधली. चिप पट्टीवरून गेली की वेळ आपोआप नोंदला जाणार. गुलाबरावांचं तोंड उतरलं. ते मॅडमच्या ध्यानात आलं असावं. त्या म्हणाल्या, "काका, तुमची वहीपण चालू राहू द्या. दोन्ही जुळतात का, बघू."

शर्यत झाली. यंत्रावर पायल सोनियापेक्षा दोन सेकंद पुढे होती. म्हणजे बेरजेत अजून नऊ सेकंद मागेच. पायलनं हेल्मेट काढलं, आकडा ऐकला आणि टेकडीकडे तोंड करून बसली.

इकडे मॅडम वही आणि यंत्र ताडून बघत होत्या. ज्या सात जणांना दोरा नव्हता, त्यांचे आकडे जवळजवळ तंतोतंत जुळले. दोरेवाले नऊ. त्या प्रत्येकाचा वेळ वहीत यंत्रापेक्षा पाच-सहा सेकंदांनी कमी होता.

बाबा खुर्चीतून उठलाच. "देखा? मशीन लोहे की, कृपा हवा की. मशीन को क्या दिखेगा?" गर्दीनं जयजयकार केला.

गुलाबराव मात्र वहीकडे बघत राहिले. घड्याळ बिघडलं असतं तर सगळ्यांचंच चुकलं असतं. नेमके दोरेवालेच कसे चुकतात? गार्डाच्या डोक्याला हे काही पटेना. "मॅडम," ते म्हणाले, "मले वाटते, माया मोजण्यात काही खोट हाये. तपासून घ्या." हे ऐकताच गर्दीतून कोणीतरी ओरडलंच की म्हाताऱ्याला आता नातीला निवडून आणायचंय. गुलाबरावांचे कान लाल झाले. चौतीस वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं.

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी मोबाइल भोंग्याला जोडला. बरोबर साठ सेकंदांच्या अंतरानं दोन शिट्या वाजणार होत्या. पहिल्या शिटीला बटण, दुसऱ्या शिटीला बटण. गुलाबरावांनी मोजलं: साठ. मग मॅडम बाबाला म्हणाल्या की आता या शिटीवर कृपा करा. तीनशे माणसांसमोर नाही कसं म्हणणार? पहिली शिटी वाजली, बाबानं भभूत उडवली, "उड़ जा!" झालं. गुलाबरावांनी मोजलं: चोपन्न.

गर्दी वेडी झाली. बाबानं मिनिटच छोटं केलं. एका बाईनं तर नारळ फोडला.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर मोजा. कृपा सगळ्यांवरच पडते ना?"

बाबाला घाम फुटला. काल थक गया है, असं काहीसं तो पुटपुटला. पण लोकांनीच आग्रह केला, बिचाऱ्यांचा भरवसा होता. पुन्हा शिटी, भभूत, गर्जना. दुसरी शिटी झाल्यावर जो तो मोबाइल दाखवू लागला आणि एकच गोंधळ माजला. कोणाचं मिनिट साठ सेकंदांचं, कोणाचं पंचावन्न, कोणाचं चोपन्न. नारळवाल्या बाईचं त्रेपन्न आणि तिच्या शेजारच्या नवऱ्याचं साठ. दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते. नवरा म्हणाला, "तू हात जोडत होतीस ना. मी तंबाखू मळत होतो, एका हातानं बटण दाबलं."

गुलाबरावांनी आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात जोडलेले, मधे घड्याळ. डोळे मिटायचे, मान लववायची, मग डोळे उघडून बटण दाबायचं. पहले प्रणाम, फिर काम. तेवढ्यात पाच-सहा सेकंद सरायचे, आणि पोरगं तोवर पुढे निघून गेलेलं असायचं. परत येताना कोणी भभूत उडवत नव्हतं, म्हणून तिथे बटण वेळेवर पडायचं. तो नियम बाबानं कशासाठी लावला होता, ते आता त्यांना कळलं. आपल्याच नातीचे, तीन चाचण्यांचे मिळून, पंधरा-अठरा सेकंद त्यांनी आपल्याच हातांनी दुसऱ्याला वाटले होते, तेही भक्तिभावानं.

ते बाबाच्या समोर जाऊन म्हणाले, "आणखी एक डाव करा, महाराज." या वेळी त्यांनी अंगठा बटणावर ठेवला, डोळे उघडे ठेवले, मान ताठ ठेवली. बाबानं कशीबशी भभूत उडवली. साठ.

मग त्यांनी भोंगा हातात घेऊन सगळं सांगितलं, काही न लपवता. तीन चाचण्यांचे आकडे माझ्या हातून चुकले, ते रद्द करा, असं त्यांनी वहीवर लिहून सही केली. निरंजननं ते मान्य केलं आणि यंत्राची एकच चाचणी धरली. पायल निवडली गेली. या गडबडीत बाबा गाडीत बसून निघून गेला. खुर्ची मागेच राहिली.

लोक पायलला उचलून घेत होते, तेव्हा सोनिया गुलाबरावांजवळ आली. डोळे भरलेले होते.

"आबाजी, तो पहले तीन बार मेरा असली टाइम क्या था?"

पुढे आहोत या भरवशावर पोरीनं दोन महिने पहाटेचा सराव सोडून दरबारात आरती केली होती. "मले नाही मालूम, बेटा," गुलाबराव म्हणाले. "पायलचे सेकंद तिले भेटले. तुये दोन महिने मी कुठून आणू?"

भोंगा अजून चालूच होता. त्यामुळे हे बोलणं सगळ्या टेकडीनं ऐकलं. गुलाबरावांनी मग भोंगा तोंडाजवळ धरला. ते म्हणाले, "मी खोटारडा नाही, तरी माया वहीत खोटं लिहिल्या गेलं, अन् तुम्ही ते खरं मानलं, काहून की माणूस भला होता. भल्या माणसाचंही मोजून घेत जा. कोणी चमत्कार सांगितला तर दुसऱ्या घड्याळानं तपासा, तिसऱ्यानं तपासा. देवाले नमस्कार घरी करा. मोजाच्या वक्ताले हात मोकळे ठेवा."