सतरा नंबरचं कुलूप

मंगळवारी सकाळी सात चाळीसला सतरा नंबरची पवनचक्की थांबली. बिघाड नव्हता. आंगेल मोकानूने बुंध्यातला स्विच पाडला आणि त्याच्या कडीत स्वतःचं लाल कुलूप घातलं.

दोब्रोजाच्या माळावर काळ्या समुद्राकडून दणकून वारा येत होता. बाकीच्या तेवीस चक्क्या फिरत होत्या.

फोनवर रझवान, तरुण मॅनेजर.

"आंगेलकाका, सेन्सर काहीच दाखवत नाही. चालू करा."

"सेन्सर दाखवत नसेल. मी वर हातोडी मारून आलोय. पात्याच्या बुडाचे तीन बोल्ट बद्द वाजतायत."

"आता अहवालात हातोडी लिहू?"

"लिही की! अक्षर चांगलंय तुझं."

एकसष्ट वर्षांचा आंगेल अठरा वर्षं बोल्ट वाजवत आला होता. धड बोल्ट खणखणतो, तडकलेला फुटक्या मडक्यासारखा बोलतो. नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या टेकडीवर असाच आवाज आला होता. तेव्हाच्या साहेबाच्या शब्दाखातर त्याने कुलूप काढलं. तिसऱ्या दिवशी पातं तुटून सूर्यफुलांत पडलं. शेतात कुणी नव्हतं, म्हणून बोभाटा झाला नाही. सतराच्या खाली मात्र मेमेतचा मेंढवाडा होता.

"मेंढरं हलवू का रे?" मेमेतने विचारलं.

"तू कशाला हलतोस? चक्कीच्या आधीपासून आहेस इथे."

नियम एकच: कडीत कुलूप असेपर्यंत चक्की बंद, आणि ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. बुधवारी रझवान स्वतः आला.

"किल्ली द्या, नाहीतर घरी बसा."

आंगेलने ओळखपत्र दिलं, हेल्मेट दिलं, कमरेचा पट्टा सोडून दिला.

"आणि किल्ली?"

"ती माझी आहे," म्हणाला आणि गावाकडे चालू लागला. पेन्शनला सात महिने उरले होते.

गुरुवारी दुपारी रझवानने कुलूप तोडायचा कटर देऊन लेओंतिनाला पाठवलं. आंगेलच्याच हाताखाली शिकलेली. त्याच्या हातोडीला चारचौघांत हसणारी. कटर दाराशी ठेवून ती आधी अठ्ठ्याहत्तर मीटरची शिडी चढली. तासाभराने उतरली, तेव्हा फोन वाजतच होता.

"तोडलंस?"

"नाही, साहेब."

"मग तासभर करत काय होतीस?"

"ऐकत होते."

शुक्रवारी सकाळी अकरापर्यंतची खबर एवढीच: वारा सेकंदाला तेरा मीटर. तेवीस चक्क्या चालू, सतरा बंद. कटर दाराशीच पडलेला. कडीत दोन कुलुपं.