दार नसलेली खोली

मालकांना घेऊन त्यांची सून आली तेव्हा हळूबाई तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या तोंडाशीच उभी होती. म्हाताऱ्याने बाहेर पाऊल टाकलं, पॅसेजभर नजर फिरवली आणि दरडावून विचारलं, "हा रंग कुणी लावला? मला न विचारता?"

सगळे हसले. सूनही कसनुशी हसली. हळूबाई मात्र एक पाऊल मागे सरली. किती वर्षांनी तो आवाज कानावर पडत होता, आणि शरीर कमकुवत झालं तरी आवाज तसाच टणक राहिला होता.

ही इमारत एकेकाळी त्यांचीच. याच मजल्यावर हळूबाई आणि तिची आई भाड्याने राहायच्या. मालकांना सगळी इमारत रिकामी करून एकाच गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची होती. आधी पाणी तोडलं, मग लिफ्ट बंद पडली, मग जिन्यातले दिवे गेले. एकेक बिऱ्हाड गाशा गुंडाळून निघालं. आई तेवढी हटली नाही. तेव्हा एका सकाळी सुतार आला आणि दुरुस्तीला नेतो म्हणून घराचं पुढचं दारच बिजागऱ्यांसकट उचकटून घेऊन गेला. ते परत आलंच नाही. आईने चौकटीला चादर लावली आणि त्या चादरीकडे तोंड करून खुर्चीवर बसून राहिली. भर दुपारीसुद्धा तिचा डोळा लागेना. महिनाभरात हाय खाऊन त्या दोघी बाहेर पडल्या. पुढे आई जिथे राहिली तिथे कुणी बेल वाजवली की दचकायची, पार मरेपर्यंत.

गिऱ्हाईक मात्र ऐनवेळी पळालं आणि इमारत ओस पडली. खिडक्यांतून पारवे आतबाहेर करू लागले. मग एका संस्थेने ती घेतली, मधल्या भिंती पाडल्या, आणि प्रत्येक मजल्याचं एकच मोठं घर केलं. एक स्वयंपाकघर, एक लांबलचक टेबल, आणि भोवताली खोल्या. एकेका खोलीत एकेक विसरभोळं म्हातारं माणूस. तिथे सांभाळायला बायका हव्यात असं कळल्यावर हळूबाई धावत आली. आपण इथेच राहायचो हे तिने कुणाला सांगितलं नाही. तिचं बोलणं इतकं मऊ की हे नाव तिला तिथल्याच एका निवृत्त मास्तरीणबाईंनी ठेवलं होतं. मास्तरीणबाई रोज तिला नव्याने भेटत, आणि रोज हेच नाव ठेवत.

कुणाला कुठली खोली द्यायची हे तिथली देखरेख करणाऱ्या सिस्टर हळूबाईलाच विचारायच्या. दोन खोल्या रिकाम्या होत्या. हळूबाई म्हणाली, मालकांना ही द्या, इथे सकाळचं ऊन छान येतं. ऊन खरंच छान यायचं. तिला ते लहानपणापासून माहीत होतं.

रोज सकाळी कामाला लागण्याआधी ती डोळे मिटून सगळ्यांसाठी देवाकडे मागणं मागायची, एकेकाचा चेहरा समोर आणून. मालकांच्या चेहऱ्याशी आली की तशीच पुढे सरकायची. देवाला ते कळत असणार. कळू दे, ती मनाशी म्हणायची.

अडचण एकच होती. मालक तिला ओळखत नव्हते. ज्याला कशाबद्दल ते ठाऊकच नाही त्याच्यावर सूड उगवून काय उपयोग? तिला त्यांच्या डोळ्यांत एकदा, एकदाच, ओळख पटलेली बघायची होती, तीही त्यांची सगळी स्मृती विझायच्या आत. म्हणून ती त्यांच्या मागे जिवाचा आटापिटा करू लागली. नखं काढायची, दाढी करायची, सुनेकडून इमारतीचे जुने फोटो मागवून घ्यायची आणि एकेक दाखवत बसायची. हा तिसरा मजला, इथे कोण राहायचं, आठवतं का? सिस्टर इतरांना सांगायच्या, काळजी घ्यावी तर हळूबाईसारखी.

मग एकदा मालकांनी आतून कडी लावून घेतली आणि उघडता येईना. सगळ्यांच्या नाकी नऊ आले. हळूबाईने हळूच सुचवलं, दारच काढून टाकू या, आत पडले-झडले तर कळायचंही नाही. सिस्टरना पटलं. सुतार आला, दार उचलून घेऊन गेला. हळूबाई समोर उभी राहून बघत होती. आत कुठेतरी तिला गोड वाटत होतं.

झालं भलतंच. दार गेल्यावर मजल्यावरची भटकी मंडळी सरळ आत शिरू लागली. मास्तरीणबाई दुपारभर त्यांच्या पलंगावर बसून पाढे म्हणून घेऊ लागल्या. एक निवृत्त ड्रायव्हर रोज येऊन गाडी कुठे लावू विचारायचा. आणि मालक खूश. आल्यागेल्याला खुर्ची द्यायचे, भाडं नंतर बघू म्हणायचे. त्यांची भूक वाढली, गालांवर तजेला आला. सुनेने हळूबाईचे हात धरून आभार मानले तेव्हा तिच्या अंगाची लाही लाही झाली.

त्यानंतरच्या एका दुपारी ती त्यांचा चष्मा पुसत होती. चष्मा डोळ्यांवर चढवल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांची नजर एकदम स्थिर झाली.

"तू त्या बाईची पोर," ते म्हणाले. "चादर लावून बसली होती ती."

हळूबाई त्यांच्या समोर बसली. इतकी वर्षं जे मागितलं ते समोर आलं होतं.

"हो. मीच."

"फार चिवट होती तुझी आई. शेवटी दार काढलं तेव्हा कुठे हलली." आणि ते हसले, एखाद्या जुन्या सौद्याची गंमत आठवून हसावं तसे. "दुसरा कुणी असता तर ते सुचलं नसतं त्याला."

पश्चात्तापाचा मागमूस नव्हता. कदाचित तो असता तर तिने सोडून दिलं असतं, असं नंतर तिला वाटलं. त्या घरात एक नियम होता. म्हातारं माणूस ज्या काळात असेल त्याच काळात आपण जायचं, खोडून काढायचं नाही. बायको केव्हाच वारली असली तरी त्या येतीलच इतक्यात असं म्हणायचं. तो नियम हळूबाईने आजवर कधी मोडला नव्हता. नव्या बायकांना तोच तर ती शिकवायची.

ती पुढे वाकली आणि नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली, "मालक, तुमचं घर तुमच्या मुलाने विकलं. तुमचा पलंग, तुमचं कपाट, सगळं वाटून टाकलं. तुम्हाला इथे आणून सोडलंय. न्यायला कुणी येणार नाही."

"खोटं बोलतेस."

"सुनेला विचारा. पण ती येईपर्यंत तुम्ही विसरलेले असाल."

त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. मग ते लहान मुलासारखे रडू लागले, आणि ती समोर बसून शेवटपर्यंत बघत राहिली. पाणीसुद्धा दिलं नाही.

दुसऱ्या सकाळी त्यांना काहीच आठवत नव्हतं. तिला बघून मात्र ते भिंतीला जाऊन टेकले. तिने घास पुढे केला, त्यांनी तोंड घट्ट मिटलं. दुसऱ्या बाईच्या हातचं जेवले. सुनेने येऊन काय झालं विचारलं तर म्हणाले, "काही नाही गं. बाई चांगली आहे. पण ती आली की माझ्या छातीत धडधडतं. का कुणास ठाऊक."

सिस्टर चांगल्या होत्या. त्यांनी हळूबाईला बाजूला घेऊन समजावलं. या लोकांचं असं होतं कधी कधी, मनाला लावून घेऊ नका, तुम्ही कमी का केलंत त्यांच्यासाठी? आणि तिला पहिल्या मजल्यावर हलवलं. मालकांच्या खोलीला पुन्हा दार लावू का विचारलं, तर मालकच नको म्हणाले. मित्रमंडळी कुठून येणार?

खाली हळूबाईचं काम आधीसारखंच सुरू झालं. तिला वाटलं होतं, आता संपलं, मन हलकं होईल. पहाटे ती डोळे मिटून बसे, एकेक चेहरा येई, आणि मालकांचा चेहरा अजूनही तसाच वगळला जाई. पोट भरलं नव्हतं. आई इतकी वर्षं दचकत राहिली. हा एक दिवस रडला आणि विसरला.

संस्थेने मजल्यांवरचे पॅसेज गोल करून घेतले होते, चालत सुटलेल्या माणसाला कुठे भिंत आडवी येऊ नये म्हणून. दुपारच्या जेवणाची ताटं वाढून झाली की हळूबाई जिना चढून वर जाऊ लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, पाय मोकळे करते जरा. पॅसेजला एक फेरी घालायची, त्या उघड्या चौकटीवरून अगदी सावकाश. आत बघायची नाही, बोलायची नाही, थांबायची नाही. नियम कुठलाच मोडत नव्हता.

आत मास्तरीणबाईंचा पाढा चालू असायचा. ती पुढे गेल्यावर मागे चमचा ताटात ठेवल्याचा आवाज यायचा, आणि मग मालकांचा आवाज, "कोण गेलं? कोण होतं बाहेर?"

ती खाली यायची आणि पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना प्रेमाने भरवायची.