पांढरीवरचं सारवण

योगिनी नावाच्या त्या पोट्टीला झाडलोटीची अक्कल कोणी दिलीच नव्हती, असं रुख्मिणीबाईचं ठाम मत होतं. महिना झाला, रिठदच्या शिवारात बाईच्या वावरातली पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीची टेकडी, पुरातत्त्व शिकणारी योगिनी अन् तिच्यासोबतची पोरं खोदत होती. खड्ड्यात हजारो वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचं घर लागलं होतं. चोपलेली भुई, मधोमध चूल, चुलीत राख. आणि ही पोट्टी त्या भुईवर दिवसभर ओणवी, हातात दात घासायचा ब्रश! झाडू मारू द्यायची नाही की पाणी शिंपू द्यायची नाही.

"आजी, राखेला हात नका लावू हं," ती रोज बजावायची.

"तुह्या मायनं तुले झाडाले शिकवलं नाई का वं?" बाई रोज विचारायची.

त्या दिवशी खोदकामाचे मोठे सर येणार होते, संगती जिल्ह्याचे साहेबलोक. आपल्या वावरात पाहुणे येतील अन् चूल अशी घाण दिसेल, हे रुख्मिणीबाईला खपेना. तिच्या हातचं सारवण पाहायला बाया केनवडहून यायच्या. उजाडताच तिनं खड्ड्यावरची ताडपत्री सारली, चुलीतली राख टोपलीत भरून उकिरड्यावर फेकली आणि ताज्या शेणानं भुई, चूल, सगळं सारवून काढलं. वर रांगोळीची बोटं ओढली.

"माय, पोरीले विचारलं का?" भागवत, तिचा थोरला, म्हणाला.

"माह्या वावरातली चूल, अन् विचारू कोणाले?"

योगिनी आली ती काठावरच बसली. ओरडली नाही.

"आजी, राख कुठंय?"

"उकिरड्यावर फेकली."

"तिच्यात जळके दाणे होते, आजी. त्या लोकांनी इथं काय पेरलं, काय खाल्लं, ते त्यातूनच कळणार होतं. आज सरांसमोर मी ती चाळणार होते. आता तपासलं तर तुमच्या गाईनं काल काय खाल्लं तेवढंच निघेल."

दर साली मुगा-तुरीचं बी रुख्मिणीबाई स्वतः राखेत घोळून ठेवायची. राखेत दाणा असतो हे तिला कोणी सांगायला हवं होतं?

तेवढ्यात सर आलेच. "कोणी केलं हे?"

बाईनं शेणाचे हात पदराखाली घेतले. गावच्या पाटलालाही न भिणारी ती दोन पावलं मागं सरली.

"मीच सारवायला सांगितलं, सर," योगिनी म्हणाली. "पाहुणे येणार म्हणून."

"दोन वर्षं शिकून हे? ब्रश ठेव. उद्यापासून या खड्ड्यात तू नाहीस."

पोरगी मान खाली घालून पिशव्या आवरू लागली. भागवतनं मायकडे पाहिलं, आणि मग दुसरीकडे पाहिलं. ते दुसरीकडे पाहणं बाईच्या काळजात घुसलं. तिनं पदराखालचे हात बाहेर काढले, सगळ्या साहेबलोकांसमोर.

"सर, हे हात पाहा. पोट्टीनं नाई, म्या सारवलं. तिनं रोज नाई म्हटलं होतं, तरी."

मग ती योगिनीकडे वळली.

"अन् तू वं! माह्यासाठी खोटं बोलली, ते तुहं चुकलंच. पण दुसऱ्या बाईच्या चुलीले हात कसा लावा, ते तुले समजते. मले सत्तर वर्सात समजलं नाई. खड्ड्यात तूच राह्यशीन. बाहेर निंगाचं हाये, ते मले."